बोळा

१

लग्नाच्या दिवशी सकाळी कोट उलटे करायचं काम माझं असे. बाहीत हात घालून ती आतून बाहेर ओढायची, मग खांदे, मग पाठ. वरचं निळं कापड आत जाई आणि तांबडं अस्तर बाहेर येई. चार कोट उलटे करून दोरीवर टांगले की माय म्हणे, आज खाटकाचं दुकान मांडलं का रे.

कोट मुळात चुडामण मास्तरांच्या बँडचे. पाठीवर पिवळ्या दोऱ्याने त्यांचं नाव भरलेलं होतं. आम्ही चौघे त्यांच्याकडेच वाजवायचो. दोधू ट्रंपेट, छगन छोटा ड्रम, जालमसिंग मोठा ढोल, आणि मी, भाईदास, क्लॅरिनेट. जालमसिंग अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. त्याच्या गावच्या होळीचा ठेका एकदा वरातीत त्याच्या हातून सहज निघाला. दोधूने त्यावर ट्रंपेट चढवली, छगन मध्येच घसा फाडून ओरडला, आणि वरातीतली पोरं वेडी झाली. चुडामण मास्तरांनी भर मांडवात दोधूच्या मुस्काटात मारली. दोधूने तोंड पुसलं, कोट काढला, उलटा करून पुन्हा अंगात घातला आणि तीच धून परत सुरू केली. आम्हीही कोट उलटे केले. त्या दिवसापासून नंदुरबारात आम्हाला उलटा बँड म्हणू लागले. म्हातारी माणसं दारात उभं करत नसत. एका व्याह्याने तर आम्हाला पंगतीतून उठवलं होतं. पण तरुण नवरदेव हट्ट धरून आम्हालाच बोलवत.

मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची, म्हणून सहावीतच शाळा सुटली. दोधू माझ्या बाकावर बसायचा. पुढे त्यानेच मला मास्तरांकडे नेलं आणि क्लॅरिनेट हातात दिली. आमच्या त्या धुनेत एक जागा होती. तिथे सगळे एकदम थांबत आणि मी एकटा वाजवायचो. त्याआधी दोधू ट्रंपेट खाली घेऊन माझ्याकडे बघे आणि भुवया वर करी. मग मी डोळे मिटायचो. जे मला कुणाला सांगता येत नव्हतं ते सगळं त्या जागेत जायचं. दोधू सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं.

बँडच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बँड मोठा दिसावा म्हणून लग्नात दोन-तीन डमी उभे करतात. त्यांच्या अंगात कोट, हातात वाद्य, गाल फुगलेले, पण ते वाजवत नाहीत. चुकून सूर निघू नये म्हणून त्यांच्या वाद्यात चिंधीचा बोळा दाबलेला असतो. ट्रंपेटचं सोपं आहे. क्लॅरिनेटमध्ये मात्र खालून बोळा घालून भागत नाही, हवा भोकांतून निसटते. तोंडात धरायचा भाग, आम्ही त्याला चोच म्हणतो, तो काढून खालच्या नळीतच बोळा दाबावा लागतो. आमच्याकडे डमीसाठी एक जुनी तडकलेली क्लॅरिनेट होती. ती कुणी कधी वाजवली असेल असं मला वाटत नाही.

२

पौषात लग्नं नसतात. त्या महिन्यात आम्ही मिरचीच्या पथारीवर मजुरी करायचो. लांबच लांब मोकळ्या जमिनीवर मिरच्या पसरलेल्या असत. माय देठ खुडायला असे, मी टोपल्या उचलायचो. घशात सारखी खवखव व्हायची.

तिथेच नटूभाई आला. सुरतेचा माणूस, पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याने खांडबाऱ्याच्या एका लग्नात आम्हाला ऐकलं होतं. त्याला पिक्चर काढायचं होतं आणि त्यात आम्हीच हिरो असणार होतो. चार उडाणटप्पू पोरं, उलटे कोट, गाव त्यांना हाकलतं आणि शेवटी त्यांच्याच मागे नाचतं, अशी गोष्ट होती. छगनने विचारलं, हिरोईन कोण. नटूभाई म्हणाला, ते मुंबईला ठरेल. छगन दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देईना, इतका लाजला.

पथारीपलीकडे कापसाची एक जिनिंग बंद पडलेली होती. यंत्रं काढून नेली होती, पत्र्याचं छप्पर आणि लांबलचक खोली राहिली होती. कोपऱ्यांत जुन्या कापसाचे पुंजके, वर कबुतरं. दुपारी पत्रा तापला की टक टक आवाज करी. नटूभाईने तिथे एका ओळीत चार खुर्च्या मांडल्या आणि टेबलावर दोन चकत्यांचं टेपचं यंत्र ठेवलं. ते बॅटरीवर चाले. पिक्चरमध्ये आधी आवाज धरतात, चेहरा नंतर, असं त्याने समजावलं. पुढे भोंग्यावर हाच आवाज लावायचा आणि आम्ही नुसतं वाजवल्यासारखं करायचं. तेव्हा फुंकायच्या वाद्यांत बोळे आणि ढोल-ड्रमवर जाड चिंध्या. छगन म्हणाला, म्हणजे आपण सगळेच डमी.

धून धरून झाली. माझी जागा आली तेव्हा दोधूने भुवया वर केल्या आणि मी डोळे मिटून वाजवलं. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. नटूभाईने चकत्या उलट्या फिरवून आम्हाला ऐकवलं. स्वतःला असं बाहेरून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. धून संपली. यंत्र अजून फिरत होतं. त्या शांततेत कुणीतरी तोंडाने श्वास आत घेतला.

वाजवणाऱ्याला तो श्वास ओळखू येतो. सूर धरण्याआधीचा, ओठांच्या कोपऱ्यांतून घेतलेला. पण धून तर संपली होती आणि मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली होती. मी दोधूकडे पाहिलं. तो नटूभाईशी बोलत होता. मला वाटलं, आपण दमलो असू, श्वास घेतला असेल, लक्षात नसेल. असं होऊ शकतं.

३

चेहरे धरायच्या दिवशी मी कोट आणायला गेलो तर दोरीवर माझा कोट नव्हता. छगन म्हणाला, तो दोधूने नेला, तू ये तिकडे. मी जिनिंगमध्ये गेलो. माझ्या खुर्चीवर माझा कोट घालून उखा बसला होता.

उखा स्टेशनवर चहा विकायचा. गोरा, कुरळ्या केसांचा, हसला की गालाला खळी पडे. त्याच्या हातात डमीची क्लॅरिनेट होती. त्याने ती उलटी धरली होती, जालमसिंगने सरळ करून दिली.

दोधू मला बाजूला घेऊन गेला. नटूभाईचं म्हणणं असं होतं की कॅमेऱ्याला डोळे लागतात आणि हा मुलगा नेमका त्याच जागी डोळे मिटतो. शिवाय त्याला माणसांसमोर घाम फुटतो. दोधू खाली बघत बोलत होता. मी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत आहे. तो ट्रंपेटच्या कळा दाबत राहिला. म्हणजे माझा आवाज धरला त्या दिवशीही त्याला माहीत होतं. भुवया वर केल्या तेव्हाही.

"फक्त फोटोपुरता कोट शे, भाया," तो म्हणाला. "आवाज तं तुन्हाच शे ना."

मला बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली. मी टेबलाजवळ जमिनीवर बसलो, कारण दारापर्यंत चालत गेलो असतो तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

भोंग्यावर धून लागली. माझ्या जागी दोधू ट्रंपेट खाली घेऊन उखाकडे वळला आणि त्याने भुवया वर केल्या. उखाने मोठे डोळे करून गाल फुगवले. भोंग्यातून मी वाजत होतो. धून संपली. श्वास आला. आणि त्यानंतर एक सूर.

एकच, लांब, खालचा. चोचीला बांधलेली बोरूची पत्ती थरथरते तेव्हा सूर निघतो; माझ्या पत्तीला एका बाजूने बारीक चीर आहे, त्यामुळे खालच्या सुरात माशी अडकल्यासारखी गुणगुण येते. ती त्यात होती. हा सूर त्या धुनेत नाही. तो मी वाजवला नव्हता.

४

पुढे रोज तेच होत गेलं. दुपारी ऊन खिडकीतून खुर्च्यांवर आलं की नटूभाई यंत्र लावी, आणि रोज टेप थोडी लांब होई. एका सुराचे दोन झाले, मग एक ओळ झाली. जणू कुणी आत बसून माझी जागा पुढे वाढवत होतं, घाई न करता.

मी डोकं चालवून पाहिलं. टेप जुनी असेल, आधी कुणी तिच्यावर दुसरं काही धरलं असेल, ते खालून वर येत असेल. पण दुसऱ्या कुणाच्या पत्तीला माझीच चीर कशी असेल? की मीच त्या दिवशी पुढे वाजवत राहिलो आणि विसरलो? असंही होऊ शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. नटूभाईला विचारायला हवं होतं, पण मला ते जमेना. शेवटी छगनला विचारलं, तुला शेवटी काही ऐकू येतं का.

"येस ना," तो म्हणाला. "भाया, तू तं झोपमाबी वाजाडस."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी मी माझी क्लॅरिनेट काढली. टेपवर ऐकलेला तो खालचा सूर लावायला गेलो तर नुसती हवा गेली. पत्ती बदलली. चाव्या पुसल्या. मिरचीची भुकटी आत गेली असेल म्हणून नळीतून फडकं फिरवलं. बाकीचे सूर निघत होते, तो एक निघेना. दोन दिवसांनी त्याच्या वरचाही गेला. टेपवर ओळ जसजशी वाढत होती तसतसे माझ्याकडचे सूर कमी होत होते. निदान मला तसं वाटलं. मी हिशेब ठेवायचं मुद्दामच टाळलं.

मग एके दिवशी शॉट चालू असताना उखा उठून उभा राहिला. त्याने क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवली, कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बाहेर चालू लागला. नटूभाईने हाका मारल्या. मी मागे गेलो. पथारीच्या कडेला तो ओठ चोळत उभा होता. खळीचा चेहरा उतरला होता.

"बोळा मी मन्हा हाते दाबेल शे," तो म्हणाला. "मी फुकत नई. तरी वाजस."

मी म्हणालो, तो भोंग्याचा आवाज. त्याने मान हलवली. बोटांना कळतं, म्हणाला. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला काहीतरी केलं होतं. त्याच दुपारच्या गाडीने तो नवापूरला मामाकडे निघून गेला.

५

नटूभाईनेही सामान बांधलं. फिल्म संपली, सुरतेहून नवी आणतो, असं त्याने सांगितलं. दोधूला बजावलं की काहीही बदलायचं नाही. खुर्च्या हलवायच्या नाहीत, केस कापायचे नाहीत, कोट तेच. अर्धा सीन झालाय, उरलेला अर्धा जुळला पाहिजे. रोज त्याच उन्हात बसून सवय ठेवा. दोधूने हे सगळं देवाच्या आज्ञेसारखं ऐकून घेतलं.

यंत्र जड होतं. ते मी उचललं. का उचललं ते सांगता येत नाही. कदाचित ते गावातून गेलेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. फलाटावर मी ते डब्यात चढवलं, बाकाखाली सरकवलं. भोंगा, बॅटरी, कॅमेरा, सगळं. नटूभाई खिडकीपाशी बसला. काळा चष्मा काढलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्याचे डोळे लाल होते आणि ते माझ्या चेहऱ्यावर ठरत नव्हते.

मी सगळा धीर गोळा करून विचारलं, पिक्चर होणार ना.

गाडीने शिट्टी दिली. तो खिडकीतून वाकला आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "मैंने मशीन बंद करके भी सुना था."

त्यानंतर तो कधी आला नाही. पत्रही नाही.

६

पण बाकीचे तिघे जिनिंगमध्ये जात राहिले. मिरची उचलली गेली, पथारी मोकळी झाली, होळी आली. जालमसिंग होळीला डोंगरात गेला नाही. आजवर असं झालं नव्हतं. त्याचा भाऊ त्याला न्यायला आला आणि हात हलवत परत गेला. दुपार झाली की तिघे उलटे कोट घालून निघत. केस मानेवर आलेले. रस्त्यात मी दिसलो तर छगन हात करी, जणू थोड्या वेळात भेटणारच आहोत.

मी जात नव्हतो. तिथे माझं काय होतं? कोट त्या खुर्चीला, आवाज सुरतेला. मी एका सायकल दुकानात पंक्चर काढायला लागलो. क्लॅरिनेटमध्ये आता मोजके सूर उरले होते. मी ती पेटीत ठेवून दिली.

एक दिवस घरी आलो तर माय अंगणात गहू निवडत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "आज तू भारी वाजाडं रे."

मी म्हणालो, मी दुकानात होतो.

तिला वाटलं मी लाजतोय. ती जिनिंगपलीकडे सरपण आणायला गेली होती. आतून धून ऐकू आली, मग सगळे थांबले आणि मी एकटा वाजवायला लागलो. ती मोळी खाली ठेवून ऐकत बसली होती. एवढं दुःख कुठून आणतोस रे, असं काहीतरी ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं की मी नव्हतो, मालकाला विचार. ती हसली.

"मायले लेकनी फुक कळस," ती म्हणाली आणि सुपात फुंकर मारून कोंडा उडवला.

यंत्र मी माझ्या हाताने गाडीत ठेवलं होतं.

७

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि मोठी लग्नसराई लागली. प्रकाशा गावच्या एका गुजर घरातलं आमंत्रण आलं. नवरदेव उलट्या बँडशिवाय घोड्यावर बसणार नाही म्हणत होता. मला वाटलं, हेच निमित्त. एकदा चौघे रस्त्यावर उभे राहिलो, उन्हात, माणसांत, की हे सगळं उतरेल. माझे सूरही परत येतील. मला दुसरं काही नको होतं.

सकाळी मी दोधूच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून ट्रंपेटमधला बोळा काढून उन्हात वाळवत होता. मी लग्नाचं सांगितलं. तो म्हणाला, नटूभाई येईल तेव्हा आपण जागेवर नसलो तर? मी म्हणालो, तो येणार नाही. शाळेपासून मी त्याच्याशी जेवढं बोललो नसेन तेवढं त्या सकाळी बोललो. तू मला फसवलंस, तेही म्हणालो. मला न सांगता माझी जागा दिलीस. निदान आता तरी बाहेर ये.

त्याने शांतपणे ऐकलं. त्याचा चेहरा मला नवा वाटला नाही, तेच वाईट होतं. बाकावर शेजारी बसायचा तोच चेहरा.

"असं काय करस?" तो म्हणाला. "तू तं रोज येस. काल बी जोडे बठेल व्हता."

काल मी त्याच्या शेजारी बसलो होतो, हे तो थट्टेने म्हणत नव्हता. मी निघून आलो.

त्या दुपारी मी दुकानातून मध्येच उठलो. जिनिंगकडे जाताना रस्त्यावर एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं. पथारीच्या जमिनीवर अजून मिरच्यांचा तांबूस डाग होता. लांबूनच धून ऐकू आली. ढोल, ड्रम, ट्रंपेट. दाबलेल्या वाद्यांतून येते तशी नाही, उघड्या वाद्यांची. मी स्वतःला म्हटलं, तिघे बोळे-चिंध्या काढून वाजवत असतील. त्यात भिण्यासारखं काय आहे. मग क्लॅरिनेट सुरू झाली.

दार मोडलं होतं, एक फळी आडवी लावलेली होती. मी फळीपाशी उभा राहिलो. बाहेरच्या उजेडातून आतलं लगेच दिसेना. आधी पत्र्याची टक टक ऐकू आली, मग ऊन पडलेली खुर्च्यांची ओळ दिसली. माझी खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली होती. पूर्वी ती तशी नव्हती.

तीन कोट तांबडे होते. चौथा निळा. तो सरळ घातलेला होता आणि पाठीवर चुडामण मास्तरांचं नाव पिवळ्या दोऱ्यात स्पष्ट वाचता येत होतं. कोट उलटे करायचं काम माझं होतं. मी गेलो नव्हतो, म्हणून तो कुणी उलटा केला नव्हता, असं काहीतरी माझ्या मनात आलं. कॉलरच्या वर मान होती. तेल लावून केस नीट बसवलेले, माय माझे बसवते तसे. यापलीकडे मी काही पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र पाहिली. क्लॅरिनेट वाजवताना पाठ फुगते. श्वास घेतला की कोट शिवणीवर ताणतो, सोडला की सैल पडतो. लांब सूर चालला होता, चिरेची गुणगुण घेऊन, आणि तो कोट हलत नव्हता. खुंटीवर टांगल्यासारखा सपाट होता.

सूर थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओठांच्या कोपऱ्यांतून श्वास आत घेतला आहे. मी तो घेतला आणि पुढचा सूर सुरू झाला.

सगळ्यांनी धून उचलली आणि ती पुन्हा त्या जागेशी आली. सगळे थांबले. दोधूने ट्रंपेट खाली घेतली आणि मान वर केली. दारातल्या उजेडात मी उभा होतो. त्याने मला पाहिलं. अंधारातून पाहिल्यासारखं नाही, पुरतं पाहिलं. माझ्या पायांकडे, ग्रीस लागलेल्या हातांकडे, चेहऱ्याकडे. त्याला कळलं. कोण बाहेर आहे आणि कोण आत, हे त्याला कळल्याचं मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. एवढ्या वर्षांत मी त्याचा चेहरा कधी चुकीचा वाचला नव्हता. मी हात थोडा वर केला.

तो हळूच त्या खुर्चीकडे वळला आणि त्याने भुवया वर केल्या.

८

त्यानंतर ते तिघे गावात दिसले नाहीत. सगळे म्हणतात, पिक्चरवाला येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. दोधूच्या आईने, सरलाबाईने, गल्लीत गूळ वाटला. मलाही दिला, आणि विचारलं, तू का नाही गेलास रे. मी गूळ खाल्ला.

जिनिंगच्या दाराला आता कुलूप आहे.

चुडामण मास्तरांनी मला परत बोलावलं. मागचं काढलं नाही. नवा निळा कोट दिला आणि म्हणाले, वाजवून दाखव. मी क्लॅरिनेट जोडली आणि फुंकलं. काहीच निघालं नाही. हवासुद्धा पुढे गेली नाही. मास्तरांनी ती माझ्या हातातून घेतली, चोच काढली आणि नळीत बोट घालून एक बोळा बाहेर ओढला. तांबड्या अस्तराच्या कापडाचा होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि चटकन टाकून दिला. बोळा ओला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो गरमही होता.

हा कुणी घातला, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतः फुंकून पाहिलं, तर सूर स्वच्छ निघाला. मग पुन्हा मला दिली. माझ्या फुंकेला नळी उघडी असूनही काही वाजलं नाही. मास्तरांनी नळी उजेडात धरून आरपार पाहिली. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, असू दे, उभा राहशील ना, तेवढं पुरे.

आता मी त्यांच्याकडे डमी आहे. कोट सरळ घालतो. बोळ्याची गरज नाही म्हणून मास्तर माझ्या क्लॅरिनेटमध्ये बोळा घालत नाहीत. गाल फुगवणं मला चांगलं जमतं, डोळेही उघडे ठेवतो. लग्नघरातली माणसं म्हणतात, हा पोरगा जीव ओतून वाजवतो.

वरात जिनिंगच्या बाजूने जाते तेव्हा मधूनच आमचा बँड दम घ्यायला थांबतो. घोडा पाय आपटतो, कुणी पाणी मागतं. तेवढ्यात पथारीपलीकडून ती धून येते. मास्तरांना ती ऐकू येत नाही, बाकीच्यांनाही नाही. ट्रंपेट, ड्रम, ढोल, आणि मग सगळे थांबतात. माझ्या वेळी दोधू इतका कधी थांबायचा नाही. भुवया वर करून लगेच ट्रंपेट ओठांशी न्यायचा आणि माझा शेवटचा सूर संपायच्या आत आपला लावायचा. त्या खुर्चीतल्यासाठी तो थांबतो, शेवटपर्यंत, मध्ये एक सूर लावत नाही.

आणि सुरू व्हायच्या आधी, त्या शांततेत, कुणीतरी तोंडाने श्वास घेतं.

तो मी घेतो.